कुणीतरी ॲट्रोपिन भरा

पट्टा आधी नळाखाली धरायचा. त्याच्या आतल्या बाजूला दोन काळ्या रबरी पट्ट्या असतात, त्या ओल्या झाल्या नाहीत तर काहीच उमटत नाही. मग बाथरूममध्ये जाऊन, कुर्ता वर धरून, तो बरगड्यांवर घट्ट बांधायचा आणि मधलं बटणासारखं यंत्र टक्‌कन दाबून बसवायचं. थंड पाण्याचा एक ओघळ पोटावरून खाली जातो. माझ्या पट्ट्यावर कापडी टेपचा तुकडा चिकटवून त्यावर स्केचपेनाने सात हा आकडा लिहिला होता.

त्या पहिल्या गुरुवारी सिम्युलेशनच्या, म्हणजे नकली पेशंटवर सराव करायच्या, खोलीत मी हात मागे बांधून उभी होते. पेशंट अजून यायचा होता, आणि येणार होता तोही रबराचा. तरी काचेपलीकडच्या लॅपटॉपवर सात नंबरापुढे नाडीचे १३८ ठोके दिसत होते. मला हे अर्ध्या तासानंतर कळलं. उभी होते तेव्हा मी स्वतःशी म्हणत होते, बघा, बाकीचे किती घाबरलेत.

मी १०८ च्या गाडीवर डॉक्टर आहे. बीएएमएस. महामार्गालगतच्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात आमची गाडी उभी असते. पुण्याकडून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट, उलट येताना बोगदा आणि बोगदा संपल्यावरचं ते कुप्रसिद्ध एस वळण, हे सगळं आमच्या हद्दीत. राज्यात २०१४ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटर आणि शॉक देण्याचं यंत्र. आमची गाडी त्या जातीची. बऱ्याच राज्यांत गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर असतो. म्हणजे सोय अशी की डॉक्टर दारात येतो, आणि गैरसोय अशी की त्या डॉक्टरला विचारायला मागे कुणी नसतं. मागच्या भागात मी आणि पेशंट, पुढे पायलट. ड्रायव्हरला आमच्याकडे पायलटच म्हणतात. माझ्या गाडीचे पायलट तात्या. वय पन्नाशीच्या पुढे, आधी बरीच वर्षं ट्रकवर काढलेली.

प्रशिक्षणाला मी का गेले, तर खरं कारण तात्या.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मोटरसायकलवरून पडलेला मुलगा, हेल्मेट नाही, तोंडात रक्त, बेशुद्ध. गाडी कडेला घेऊन मी श्वासनलिकेत ट्यूब टाकायला बसले. पहिल्यांदा दिसलं नाही. सक्शनने रक्त ओढून काढलं, दुसऱ्यांदा ट्यूब गेली ती अन्ननलिकेत. तिसऱ्यांदा बसली. त्या मुलाला आम्ही जिवंत पोहोचवलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. माझ्या त्या तीन प्रयत्नांचा त्यात वाटा किती, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आठवड्याने टपरीवर चहा पिताना तात्या सहज बोलल्यासारखे म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तीनदा हाक मारली की मी. मास्क लावा, मास्क लावा, ऑक्सिजनचा आकडा पडतोय. तुमचं ध्यानच नव्हतं."

मी म्हटलं, "तुम्ही हाक मारलीच नाहीत, तात्या."

ते चहात बघत राहिले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी-दारी मी थंड डोक्याची म्हणून प्रसिद्ध. सासूबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, हिच्यासमोर आभाळ कोसळलं तरी हिचा आवाज चढायचा नाही. मला स्वतःलाही तसंच वाटायचं. मग कान कुठे गेले होते, हे कोडं चार वर्षं डोक्यात होतं. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात सहा गुरुवारांचं प्रशिक्षण आहे, आणीबाणीत स्वतःवरचा ताण ओळखायचं, अशी नोटीस आली, तेव्हा आमच्याकडून दोन नावं गेली. त्यात माझं होतं, कारण माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते.

आम्ही आठजण होतो. गाडीवरचे चार डॉक्टर, कॅज्युअल्टीतल्या दोन सिस्टर, दोन निवासी डॉक्टर. शिकवायला आपत्कालीन विभागाचे एक सर, भूल देणाऱ्या एक मॅडम, आणि लॅपटॉप सांभाळणारा एक इंजिनिअर मुलगा, ज्याला पहिल्या दिवशी रक्ताचा नकली डाग बघूनही कसंतरी झालं होतं.

पहिला तास नुसता मोजमापाचा. खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं. आमची समजूत अशी होती की यंत्र नाडीचे ठोके मोजणार. ते मोजतंच, पण सरांचं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर होतं. स्वस्थ माणसाचं हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. दोन ठोक्यांमधलं अंतर असं सतत थोडं थोडं बदलत राहणं हे निरोगीपणाचं लक्षण. ताण आला की व्हेगस या नसेचा लगाम सुटतो, ठोके वाढतात आणि त्यांच्यातला हा मोकळेपणाही जातो, सगळे एका मापाचे पडायला लागतात. बसल्या जागी माझा हा फरक ३४ मिलिसेकंद होता. पेशंट येण्याआधी, हात मागे बांधून उभी असताना, ९.

मला आमचे नाडीपरीक्षा शिकवणारे वैद्य आठवले. मनगटावर तीन बोटं, तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ. सापाची, बेडकाची, हंसाची चाल. ते म्हणायचे, नुसती मोजू नकोस, चाल बघ. आता याचा त्याच्याशी संबंध जोडून छाती फुगवायची मला हौस नाही, ते दोन वेगळे हिशेब आहेत. पण मोजण्यापलीकडे बघण्यासारखं काही असतं, हे कानाला नवीन नव्हतं एवढंच.

बोटांना लावायचे घाम मोजणारे सेन्सरही आणले होते. ते पहिल्या तासातच बाद झाले. रबरी हातमोज्यात सगळ्यांचेच हात घामेजतात, भित्र्याचे आणि शूराचेही. लाळेतलं कॉर्टिसॉल तपासण्याची गोष्ट निघाली, तर मॅडम म्हणाल्या, ते वर चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर पेशंट एक तर वॉर्डात गेलेला असतो नाहीतर खाली शवागारात. उरला छातीचा पट्टा, छताला दोन कॅमेरे आणि प्रत्येकाच्या कॉलरला माइक.

आणि मग तो पेशंट आला. चोवीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा, कीटकनाशक प्यायलेला. पुतळा रबराचा असला तरी त्याच्या तोंडातून फेस येत होता, छाती घरघरत होती, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. खोलीभर कसला तरी उग्र वास मारून ठेवला होता, तो काय होता ते सरांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ज्यांनी आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत एक तरी सोयाबीनचा हंगाम काढलाय, त्यांना हा पेशंट समजावून सांगावा लागत नाही. या विषावरचा उतारा ॲट्रोपिन. त्याच्या एका ॲम्प्युलमध्ये, म्हणजे काचेच्या कुपीत, असतं ०.६ मिलिग्रॅम. सुरुवातीलाच तीन ते पाच लागतात, दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट, छाती कोरडी वाजेपर्यंत. एक माणूस नुसता ॲम्प्युल फोडायला बसवावा लागतो. काचेचे तुकडे, कापसाचे बोळे, फुटलेल्या माना. दुसरा सक्शन सोडत नाही. तिसरा अँब्यु, म्हणजे दाबून श्वास द्यायची पिशवी. नेता म्हणून उभ्या असलेल्याने हाताने काही करायचं नाही, फक्त बघायचं आणि सांगायचं.

सात-आठ मिनिटांचा तो प्रसंग. मध्येच दार ढकलून एक बाई आत आल्या, "माझ्या लेकराचं काय झालं?" म्हणून पुतळ्याच्या पायाला मिठी मारली. हॉस्पिटलातल्याच एक मावशी होत्या, त्यांना सरांनी तयार केलं होतं. आमच्यातल्या एकीला खरंच रडू आलं. मी मावशींना दोन वाक्यांत समजावलं, बाहेर पाठवलं, ट्यूब टाकली, पेशंट वाचला. बाहेर आले तेव्हा स्वतःवर खूश होते.

मग पडद्यावर एका बाजूला व्हिडिओ आणि खाली प्रत्येकाच्या ठोक्यांची रेघ, अशी सगळी चिरफाड सुरू झाली.

माझी रेघ पेशंट येण्याच्या आधीच वर गेली होती. तो दिसल्यावर ती खाली आली, ११५ च्या आसपास रेंगाळली. मावशी आल्या तेव्हा मला वाटलं होतं उसळी असेल. तिथे जेमतेम चार-पाच ठोके. चाळीस सेकंदांनी मात्र ती सरळ भिंतीसारखी चढली, १५१. आणि त्या जागी व्हिडिओत काहीच घडत नव्हतं. मी शांतपणे लॅरिंगोस्कोप, ट्यूब टाकताना घशात बघायचं पातं, हातात घेऊन वाकले होते. सरांनी आवाज मोठा केला.

"मॅडम, सॅचुरेशन ८०."

मी वाकलेली.

"मॅडम, ७४."

मी तशीच.

तिसऱ्यांदा सिस्टर जवळ येऊन माझ्या खांद्याशी बोलल्या, "मॅडम, ६८ झालंय, अँब्यु करू का?" व्हिडिओत मी मानेला एक झटका दिला, डास हाकलावा तसा. मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. एकही शब्द. त्या सिस्टर माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला, आणि मला तात्यांचा चहाचा ग्लास दिसला.

सरांनी त्या दिवशी ब्रिटनमधली एक घटना सांगितली. २००५ साली मार्टिन ब्रॉमिली नावाच्या वैमानिकाची पत्नी साध्या ऑपरेशनसाठी भुलेच्या टेबलावर गेली. श्वास देता येईना, ट्यूब जाईना. खोलीत तीन अनुभवी तज्ज्ञ होते, तिघेही ट्यूबच टाकत राहिले. एका नर्सने गळ्यातून वाट काढायचा संच आणून ठेवला, दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली. त्यांना दिसत होतं, ज्यांच्या हातात होतं त्यांना दिसलं नाही. ती बाई तेरा दिवसांनी गेली. नवऱ्याने सूडाच्या मागे न लागता, विमानाच्या कॉकपिटमध्ये अशा वेळी काय शिकवतात ते डॉक्टरांना शिकवायला घेतलं आणि दोन वर्षांनी त्यासाठी संस्था उभी केली. ऐकताना मला बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याचा रागही आला. मोठ्यांचं चुकलं म्हणून आपलं पचत नाही.

यंत्रांविषयी आता थोडं, कारण गमतीचा भाग तिथेच आहे.

दुसऱ्या गुरुवारी हृदय बंद पडलेला पेशंट होता. आमच्यातले एक डॉक्टर, उंचेपुरे, तालमीत घुमलेले, त्यांनी पट्टा नाकारला. त्यांच्या मनगटावर भारी घड्याळ होतं, त्यातच दिसतं सगळं म्हणाले. छाती दाबायला तेच उभे राहिले. दर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. त्यांनी दोन फेऱ्या केल्या. शेवटी अभिमानाने मनगट पुढे केलं. सगळा वेळ ११०, सरळ रेघ. बर्फासारखा माणूस! आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. इंजिनिअर मुलगा हसू दाबत म्हणाला, "सर, ही तुमची नाडी नाही, तुमच्या हाताचा ठेका आहे."

झालं असं होतं, की मनगटी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून आत रक्त किती येतं-जातं ते बघतं. हात एका लयीत हलायला लागला की ते बिचारं नाडीऐवजी त्या हलण्यालाच धरून बसतं. पुढच्या वेळी त्यांना पट्टा बांधला तेव्हा दिसले १६२. आणि लगेच उलटी चूक झाली. सगळे म्हणायला लागले, बापरे, किती घाबरले होते. तर ते घाबरले नव्हते, दमले होते. दोन मिनिटं कुणाची छाती दाबून बघा. म्हणून मग इंजिनिअरने नियम केला: छाती दाबणाऱ्याची रेघ पडद्यावर करड्या रंगात, तिच्यावर बोलायचं नाही. जिने चढून आलेला, चहा पिऊन आलेला, रात्रपाळी करून आलेला, सगळ्यांच्या रेघेखाली त्याची टीप. सर म्हणायचे, हा आकडा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. सर तसे टाळीची वाक्यं टाकणारेच होते, पण हे मला पटलं.

त्यांनी १९०८ चा यर्क्स आणि डॉडसन यांचा प्रयोगही सांगितला. थोडा ताण कामाला बरा, फार झाला की घात, अशी ती उलट्या नालासारखी रेघ प्रत्येक स्लाइडवर असते. मला तोवर माहीत नव्हतं की मूळ प्रयोग उंदरांवरचा आहे, चुकीच्या दारात गेले की विजेचा झटका. सोप्या निवडीत झटका जितका मोठा तितके ते लवकर शिकले. अवघड निवडीत मात्र मध्यम झटक्याला सगळ्यात लवकर. माणसांची ती गुळगुळीत कमान लोकांनी मागाहून काढली. गाडीवर मात्र मी रोज बघते की सलाइन लावणं मला कितीही ताणात जमतं, आणि ट्यूब टाकताना मी बहिरी होते.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक प्रयोग केला तो साफ फसला. ठरावीक आकडा ओलांडला की मनगटावरची पट्टी थरथरेल, म्हणजे ज्याला त्याला वेळेवर कळेल, अशी कल्पना. माझी पट्टी नेमकी पेशंटच्या जिभेवर लॅरिंगोस्कोप असताना थरथरली. मी दचकले, मान वळवून मनगट बघायला गेले, पातं दातावर आपटलं. रबराचे दात म्हणून वाचले. दुसऱ्या एका सिस्टरची पट्टी थांबेचना, आणि ती थांबत नाही याचाच तिला इतका ताण आला की रेघ अजून वर. त्या संध्याकाळी पट्ट्या खोक्यात गेल्या. मला वाटतं सगळ्या प्रशिक्षणातला हा शहाणपणाचा निर्णय होता. आमच्या गाडीत आधीच मॉनिटर ओरडतो, सक्शन घोरतं, सायरन असतो, नातेवाईक असतात. त्यात आणखी एका यंत्राने मला हलवून सांगायचं, बाई तू घाबरली आहेस? ते माझं मलाच कळायला हवं होतं.

ते कसं कळलं, ते सांगते.

चौथ्या गुरुवारी सर म्हणाले, आज पेशंट नाही. आज प्रत्येकाने आपापले तीनही व्हिडिओ घेऊन बसायचं. रेघ जिथे चढायला लागते तिथून एक मिनिट मागे जायचं आणि बघायचं, आपण काय करतोय. शिखर बघायचं नाही, पायथा बघायचा. मी कानाला हेडफोन लावून बसले. पहिला व्हिडिओ, विष प्यायलेला मुलगा. सुरुवातीला माझा आवाज: "सिस्टर, तुम्ही सक्शन सोडू नका. मामा, ऑक्सिजन बघा." नावानिशी, नजर देऊन. मग रेघ हलायला लागायच्या जरा आधी: "कुणीतरी ॲट्रोपिन भरा."

दुसरा व्हिडिओ. "कुणीतरी लाइन बघा." तिथून अर्ध्या मिनिटात रेघ वर.

तिसरा. "अरे कुणीतरी वेळ सांगा की."

मी तिन्ही पुन्हा लावले. कुणीतरी म्हटल्यावर खोलीत काय होतं तेही दिसलं. काहीच होत नाही. चार माणसं एकमेकांकडे बघतात, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला सांगितलं. मग मी ते स्वतःच करायला हात घालते. आणि हात घातला की वाकते, वाकले की कान बंद. माझी चढण अशी होती, पायरीपायरीने. पहिली पायरी तो एक शब्द. मी घाबरते तेव्हा माझा आवाज चढत नाही, सासूबाई म्हणतात ते खरंच आहे. माझ्यापुढची माणसं पुसली जातात, त्यांची नावं जातात.

प्रत्येकाचं वेगळं निघालं. तालीमवाले डॉक्टर दर वेळी आधी पायाने स्टूल सरकवायचे. एक निवासी डॉक्टर भराभर बोलायला लागायचा आणि प्रत्येक वाक्य 'ओके' ने सुरू करायचा. माझ्या शेजारच्या सिस्टर ट्रॉलीवरच्या वस्तू ओळीत लावायला लागायच्या, सिरिंज सिरिंजला समांतर. त्या ते बघून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. घरी गॅसचा ओटाही असाच आवरते म्हणाल्या, सासऱ्यांचा फोन आला की.

मग श्वास. चार आकडे आत, चार थांबा, चार बाहेर, चार थांबा. आम्हा आयुर्वेदवाल्यांना प्राणायाम पुण्यात येऊन शिकायची गरज नव्हती, असं मी मनात म्हटलं. तरी पडद्यावर आपलीच रेघ लांब उच्छ्वासासोबत खाली येताना बघणं वेगळं. पण विष प्यायलेल्या पोरासमोर सोळा आकडे कोण मोजणार? मॅडमनी तोड काढली: हातमोजे घालताना एकच लांब श्वास सोडा. हातमोजे तर घालायचेच असतात. मी अजून तेच करते. डावा मोजा चढवताना श्वास बाहेर, उजवा चढवताना खोलीतल्या माणसांची नावं मनात.

पाचव्या आठवड्यातला एक प्रसंग लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. प्रशासनातले एक गृहस्थ आले आणि गोड आवाजात म्हणाले, सगळ्यांचे आलेख आम्हाला द्या, पुढच्या करारांच्या वेळी कोण ताण सोसू शकतं ते बघता येईल. खोली गार पडली. आम्ही कंत्राटी माणसं. सरांनी आमच्याकडून पहिल्याच दिवशी लिहून घेतलं होतं आणि आम्हाला लिहून दिलं होतं, की आलेख ज्याचा त्याचा, सहाव्या आठवड्याला पुसला जाणार. नंबर कुणाचा कोणता हे फक्त त्या इंजिनिअर मुलाच्या वहीत. सर नाही म्हणाले, जरा वाजलंही. गृहस्थ गेले. त्या दिवशी सगळ्यांच्या रेघा सुरुवातीपासूनच वर होत्या, आणि त्याची टीप कुणी लिहिली नाही. माझं मत विचाराल तर हे तंत्रज्ञान ज्या दिवशी वरच्या साहेबांच्या टेबलावर जाईल त्या दिवशी ते संपलं. ज्याला आपल्या नोकरीची भीती आहे तो स्वतःची भीती कशाला दाखवेल? तो पट्टा कोरडाच बांधेल.

प्रशिक्षण संपून दीड महिना झाला असेल. पहाटेचा कॉल, वाडीवरून, बाळंतपण. आमचे कितीतरी कॉल बाळंतपणाचेच असतात, अपघाताचे लोकांना वाटतात तेवढे नसतात. गाडीत ती मुलगी, तिची सासू, आशाताई आणि मी. रुग्णालय आठ किलोमीटरवर असताना बाळ आलं. निळसर, ढिलं, रडेना.

"कुणीतरी टॉवेल द्या."

सासूबाई आशाताईंकडे बघायला लागल्या, आशाताई सासूबाईंकडे. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, हेडफोनमधून आल्यासारखा.

हातमोजे आधीच हातात होते, त्यामुळे श्वासाची ती युक्ती कामाची नव्हती. तरी सोडला. "आशाताई, तो हिरवा टॉवेल. आजी, तुम्ही सूनबाईचा हात धरा, इकडे बघू नका. तात्या, गाडी कडेला घ्या आणि मागे या."

बाळ पुसलं, पाठीवरून हात चोळला, नाही. पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला लागायचं असतं. छोटा मास्क, छोटी अँब्यु. दाबा, दोन, तीन. दाबा, दोन, तीन. तात्या मागच्या दारात उभे राहून मोठ्याने मोजत होते, मी सांगितलं म्हणून. आशाताईंची दोन बोटं नाळेच्या बुडाशी, ठोका मोजायला. त्यांनी सांगितलेले आकडे मला ऐकू येत होते. ऐंशी. मग शंभराच्या वर. मग त्या बाळाने तोंड वाकडं केलं आणि मांजरासारखं काहीतरी बारीक ओरडलं.

त्या वेळी माझ्या छातीवर पट्टा असता तर काय दिसलं असतं कोण जाणे. १५१ च्या वरच असणार. हात कापत होते, नाळेचा चिमटा दोनदा सुटला.

परत येताना तात्यांनी टपरीवर गाडी घेतली. मी त्यांना सगळं सांगितलं, व्हिडिओ, सिस्टरचे ते तीन आकडे, कुणीतरी. आणि चार वर्षांपूर्वी तुम्ही हाक मारली होती, हेही. तात्यांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "ते मला ठावं हाय, मॅडम. मीच मारली हुती." मग टपरीवाल्याला म्हणाले, एक क्रीमरोल दे.

आता पुढची तुकडी सुरू झाली आहे. त्या मावशींची बदली झाली, म्हणून सरांनी मला फोन केला, आईचं काम करायला याल का? मी दोन गुरुवार जाऊन आले. दार ढकलून आत जायचं, "माझ्या लेकराचं काय झालं?" म्हणून पायाला मिठी मारायची. तिथून नेता झालेल्या डॉक्टरचा चेहरा खालून वर दिसतो. परवाची मुलगी वरून अगदी शांत होती, आणि हाताने ट्रॉलीची कड धरली होती, नखं पांढरी पडेपर्यंत. मी तिला ते सांगितलं नाही. चौथ्या गुरुवारी तिचं तिला दिसेलच.

पट्टे मात्र बदलायला झालेत. सात नंबरचं इलॅस्टिक पार गेलंय, परवा तो त्या मुलीच्या कमरेवर उतरला आणि पाच मिनिटं रेघच आली नाही. मी इंजिनिअरला सांगून आले आहे, या वेळी लहान मापाचे दोन आण, सगळ्यांच्या छात्या तालमीतल्या नसतात.